टीसी, एकेएस, ७७+ वगैरे: पोकरची दोन पानं लिहायची कशी

मागच्या पावसाळ्यात आमच्या पत्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराला मेसेज आला, "रिव्हरला टीसी आला आणि मी मेलो." कोपरखैरणेवाल्याने लगेच विचारलं, कुठे, ठाण्याला का, पास संपला होता का, दंड किती भरलास. मेसेज टाकणारा ऐरोलीवाला, रोज ट्रान्स हार्बरने जाणारा येणारा माणूस, त्यामुळे कोणालाही तसंच वाटणार. पण त्याला म्हणायचं होतं की शेवटचं पान, म्हणजे रिव्हर, किलवरची दश्शी पडली आणि समोरच्याचा कलर झाला, पाच पानं एकाच रंगाची. टी म्हणजे दश्शी, सी म्हणजे क्लब, आपलं किलवर. त्याने कुठल्यातरी ॲपमध्ये बघून नुकतंच शिकलं होतं आणि बाकीच्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मी बसून सगळ्यांना एकदा नीट लिहून पाठवलं, तेच इथे थोडं वाढवून टाकतोय. आधी आमचं सांगतो म्हणजे गैरसमज नको. आम्ही सहा-सात जण शनिवारी संध्याकाळी घणसोलीला एकाच्या घरी टेक्सास होल्डम (प्रत्येकाला दोन बंद पानं आणि टेबलवर सगळ्यांची मिळून पाच उघडी, असं पोकर) खेळतो, चिप्स म्हणून चिंचोके, पैसे अजिबात नाही. ऑनलाइन पैसे लावून खेळायचं तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आल्यापासून बंदच झालंय, आणि आमच्यात तसंही कोणाला त्यात रस नव्हता. मजा खेळण्यात आहे आणि नंतर दोन दिवस ग्रुपवर भांडण्यात आहे, आणि भांडायचं तर पानं नीट लिहिता आली पाहिजेत ना.

एक शब्दाचं आधीच मिटवून टाकू. इंग्रजीत हँड म्हणतात त्याला मी हात म्हणणार नाही, कारण मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हात म्हटलं की जिंकलेला हातच आठवतो, "आपले सात हात झाले" वाला. म्हणून इथे हँड म्हणजे सुरुवातीला मिळालेली दोन बंद पानं. अजून एक, ॲपमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं इंग्रजी अक्षरांत असतं, मी उच्चार देवनागरीत लिहितोय, टाइप करताना तुम्ही इंग्रजी अक्षर टाका.

चला. पान लिहायचं तर आधी किंमत. एक्का ए, राजा के, राणी क्यू, गुलाम जे, दश्शी टी, आणि मग नव्वीपासून दुर्रीपर्यंत सरळ आकडे. दश्शीला टी का, तर १० लिहिलं की दोन अक्षरं होतात आणि बाकी सगळ्या पानांना एकच अक्षर आहे, मग "१०९" हे दश्शी-नव्वी आहे का एकशे नऊ आहे ते वाचणाऱ्याने ओळखायचं, आणि सॉफ्टवेअर तर सरळ एरर देतं. आमचे घणसोलीचे काका अजून १०च लिहितात, मेंढीकोटमध्ये दश्शीला केवढा मान आणि इथे तिला एक अक्षर, त्यांना ते पटत नाही. असो.

मग रंग. इस्पिक एस, बदाम एच, चौकट डी, किलवर सी. हे अक्षर पानाच्या मागे लागतं आणि इंग्रजीत ते स्मॉल लिहायचं, किंमतीचं अक्षर कॅपिटल. म्हणजे एएच हा बदामचा एक्का, ७डी ही चौकटची सत्ती, टीसी ही किलवरची दश्शी, आणि एसी म्हणजे किलवरचा एक्का, लोकल नाही. टीएस दिसलं तर ठाण्याच्या माणसाला इंडिकेटरवरची ठाणे स्लो आठवते, पण इथे ती इस्पिकची दश्शी. अशी दोन पानं शेजारी लिहिली, समजा एएच केडी, की झालं, यात कसलीच शंका उरत नाही, बदामचा एक्का आणि चौकटचा राजा, विषय संपला.

पण गंमत अशी की फ्लॉप, म्हणजे टेबलवरची पहिली तीन उघडी पानं, पडायच्या आधी कुठला रंग हाताला लागलाय याने काहीच फरक पडत नाही. बदामचे एक्का-राजा आणि इस्पिकचे एक्का-राजा होल्डममध्ये अगदी सारखे, इथे इस्पिक मोठं बदाम छोटं असली भानगड नाही, हुकूम नसतो. फरक एवढाच पडतो की दोन्ही पानं एकाच रंगाची आहेत का नाही. म्हणून रंगाचं नाव टाकून द्यायचं आणि शेवटी एक अक्षर लावायचं. एकाच रंगाची असतील तर एस, म्हणजे सूटेड. वेगवेगळ्या रंगाची असतील तर ओ, म्हणजे ऑफसूट. एकेएस म्हणजे एक्का-राजा एकाच रंगाचे, एकेओ म्हणजे एक्का-राजा वेगळ्या रंगाचे. मोठं पान आधी लिहायचं, केए कोणी लिहीत नाही. जोडी असेल तर एस-ओ लावायचा प्रश्नच नाही, दोन सत्त्या एकाच रंगाच्या असल्या तर पत्त्यांचा कॅट बदला, त्यामुळे नुसतं ७७. आणि काहीच न लावता एके लिहिलं तर दोन्ही धरायचे, सूटेड पण आणि ऑफसूट पण.

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो कारण एस दोन कामं करतो. एका पानाच्या मागे आला तर इस्पिक, दोन पानांच्या मागे आला तर सूटेड. एएस हा इस्पिकचा एक्का, एकेएस हा कुठल्याही रंगाचा सूटेड एक्का-राजा. आमच्याकडे एकाने "क्यूजेएस होता" लिहिलं होतं आणि त्याच्या डोक्यात होतं की राणी कुठलीतरी आणि गुलाम इस्पिकचा, त्यावर आम्ही वीस मेसेज सल्ला दिला आणि सगळा फुकट. नियम सोपा ठेवा, एक तर दोन्ही पानांना रंग लावा नाही तर एकालाही लावू नका.

आता मोजायचं, आणि माझ्या मते ही लिहायची पद्धत शिकायचं खरं कारण हेच आहे, भांडण वगैरे ठीक आहे. ५२ पानांतून दोन उचलायचे प्रकार होतात १३२६. वरच्या पद्धतीने लिहिलं की तेच १३२६ आटून १६९ नावांत बसतात. १३ जोड्या, ७८ सूटेड, ७८ ऑफसूट. पण ही १६९ नावं सारख्या वजनाची नाहीत. जोडी घ्या, सत्त्या चार, त्यातल्या दोन निवडायच्या, सहा प्रकार. सूटेड घ्या, एकेएस, रंग चार म्हणून प्रकार चार. ऑफसूट घ्या, एकेओ, एक्का चारपैकी कुठलाही आणि राजा उरलेल्या तीन रंगांपैकी, बारा प्रकार. या एकेका प्रकाराला कॉम्बो म्हणतात. सहा, चार, बारा. हे तीन आकडे पाठ करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल. ताळा करून बघा, १३ गुणिले ६ म्हणजे ७८, ७८ गुणिले ४ म्हणजे ३१२, ७८ गुणिले १२ म्हणजे ९३६, बेरीज १३२६.

यातून लगेच कळतं की कुठलीतरी जोडी मिळायची शक्यता १७ मध्ये एकदा, आणि एए मिळायची २२१ मध्ये एकदा. आमचे शनिवारी साधारण सत्तर डाव होतात, म्हणजे माणशी तीन-साडेतीन शनिवारांत एकदा एए. कोपरखैरणेवाला म्हणतो त्याला वर्षभरात मिळालाच नाही, मी म्हणतो तू निम्मा वेळ बाल्कनीत फोनवर असतोस.

आणि एकेएस-एकेओचं बघा. लोक म्हणतात सूटेड म्हणजे केवढं भारी, पण कुठल्याही रँडम हँडसमोर शेवटपर्यंत धरलं तर एकेएस साधारण ६७ टक्के जिंकतो आणि एकेओ ६५, फरक दोन टक्क्यांच्या आसपास. सूटेड पानं घेऊन फ्लॉपलाच पूर्ण कलर लागायची शक्यता तर एक टक्का पण नाही. पण संख्येत फरक तिप्पट आहे. समोरच्याकडे एके आहे असं वाटलं तर सोळापैकी बारा वेळा तो ऑफसूट असणार. तीन पत्ती खेळून आलेले लोक कलरच्या इतके प्रेमात असतात की हे त्यांना ऐकायलाच आवडत नाही.

बरं, एक हँड लिहिता आला, पण समोरच्याचा एकच हँड आपल्याला कुठे माहीत असतो. तो अमुक जागेवरून रेझ करतोय, लावलेलं वाढवतोय, म्हणजे त्याच्याकडे यातलं काहीतरी असेल, असा एक गठ्ठा डोक्यात धरायचा, त्याला रेंज म्हणतात. पंचवीस हँड स्वल्पविराम देऊन कोण लिहीत बसणार, म्हणून अधिकचं चिन्ह. जोडीला सोपं आहे, ७७+ म्हणजे सत्तीची जोडी आणि त्यावरच्या सगळ्या, एएपर्यंत, आठ जोड्या, ४८ कॉम्बो.

जोडी नसेल तेव्हा मात्र नीट लक्ष द्या. मोठं पान जागेवर राहतं आणि छोटं पान वर चढत जातं, मोठ्याच्या एक पायरी खाली थांबतं. एटीएस+ म्हणजे एटीएस, एजेएस, एक्यूएस, एकेएस, संपलं. केटीओ+ म्हणजे केटीओ, केजेओ, केक्यूओ. नवी मुंबईवाल्यांना मी असं सांगितलं की मोठं पान म्हणजे नोड, वाशी-नेरूळसारखा भाग, आणि छोटं पान म्हणजे सेक्टर. वाशी सेक्टर ९ पासून पुढे असं म्हटलं तर वाशीतलेच पुढचे सेक्टर हिंडायचे, नेरूळमध्ये शिरायचं नाही. सेक्टर १० नेरूळमध्ये पण आहे हो, पण ते वेगळं. तसंच केटी+ मध्ये एटी येत नाही, तो एक्क्याच्या नोडमध्ये. काकांचं म्हणणं असं होतं की एटी तर केटीपेक्षा भारी मग तो का नाही, आणि ऐकायला बरोबर पण वाटतं, पण अधिकचं चिन्ह "याहून भारी सगळं" असं म्हणत नाही. एटी पण हवा असेल तर वेगळा लिहा.

आणि ७६एस+ असं कधीच लिहू नका. वरच्या नियमाने बघितलं तर सत्ती जागेवर, छक्की वर चढणार कुठे, वर सत्तीच आहे, म्हणजे ७६एस एकटाच राहतो. पण बऱ्याच लोकांच्या डोक्यात त्याचा अर्थ ७६एस, ८७एस, ९८एस असं जिना चढत जाणं असा असतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये पण काही असं धरतात काही तसं. जे९एस+ ला पण तीच गत, नियमाने जे९एस आणि जेटीएस, पण कोणी जे९एस, क्यूटीएस, केजेएस असं पण वाचेल. त्यापेक्षा मधे रेघ द्या. टी९एस-७६एस म्हणजे टी९एस, ९८एस, ८७एस, ७६एस, चार हँड, १६ कॉम्बो, वाद नाही. जे९एस-८६एस म्हणजे एक पान सोडून असलेले जे९एस, टी८एस, ९७एस, ८६एस. रेघ जोड्यांना पण चालते, ६६-२२ म्हणजे पाच छोट्या जोड्या, ३० कॉम्बो. आणि मोठं पान तेच ठेवून पण चालते, ए५एस-ए२एस म्हणजे एक्क्याबरोबर पंजी, चव्वी, तिर्री, दुर्री, एकाच रंगाचे. हा शेवटचा तुकडा तुम्हाला कुठले हँड खेळायचे याच्या तयार चार्टमध्ये खूप दिसेल आणि नवीन माणसाला प्रश्न पडतो की ए९एस नाही आणि ए२एस कसा काय. त्याचं कारण एक्का खालून पण चालतो, ए-२-३-४-५ अशी स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पानं, होते, शिवाय एक्का आपल्या हातात अडकला की समोरच्याकडे एए किंवा एके असायचे प्रकार कमी होतात. त्यावर पुढे येतो.

लहान एक्स म्हणजे काहीही. एएक्सएस म्हणजे एक्का आणि त्याच रंगाचं कुठलंही पान, १२ हँड, ४८ कॉम्बो. बोलताना आम्ही "एक्का-फालतू" म्हणतो, तेच ते.

आता हे सगळं एकत्र एक रेंज वाचून बघू. ७७+, एजेएस+, केक्यूएस, एक्यूओ+. जोड्या आठ, ४८. एजे, एक्यू, एके सूटेड, १२. केक्यूएस, ४. एक्यू आणि एके ऑफसूट, २४. एकूण ८८, भागिले १३२६, साधारण ६.६ टक्के. म्हणजे पंधरा डावांत एकदा असा माणूस पुढे येणार. आमच्या नेरूळवाल्याची पहिल्या जागेवरची, म्हणजे सगळ्यात आधी बोलायचं असतं तिथली, रेंज हुबेहूब हीच आहे, तो बिचारा तासभर चहा पीत बसतो आणि त्याने चिंचोके पुढे सरकवले की सगळे पानं टाकून देतात.

टक्क्यांवरून आठवलं, काही जण रेंज सरळ टक्क्यांत सांगतात, "टॉप १५ टक्के". चालतं, पण कुठल्या क्रमाने टॉप हे ठरलेलं नसतं, एका यादीत छोट्या जोड्या वर असतात दुसऱ्या यादीत केक्यूओ वर असतो, त्यामुळे टक्के अंदाज द्यायला ठीक आणि हिशोबाला वाईट.

एवढं आलं की तो प्रसिद्ध चौकोन काढा, १३ बाय १३ चा. चौकटीची वही घ्या, वरच्या ओळीत डावीकडून ए, के, क्यू, जे, टी, ९ असं २ पर्यंत, आणि डाव्या बाजूला वरून खाली तेच. डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात तिरकी रेघ जाते तिच्यावर सगळ्या जोड्या, एए पासून २२ पर्यंत. रेघेच्या वर उजवीकडे सूटेड, रेघेच्या खाली डावीकडे ऑफसूट. बहुतेक सॉफ्टवेअर असंच दाखवतात. पहिल्यांदा हाताने काढा असं मी म्हणेन, स्क्रीनशॉट बघून डोक्यात जात नाही, मी ठाणे ते ऐरोली उभ्याने जाताना डोळ्यासमोर काढायचा प्रयत्न करायचो, तिसऱ्या दिवशी जमलं.

पण हा चौकोन फसवतो. सगळी घरं एका मापाची दिसतात, म्हणजे घोडबंदर रोडवरच्या टॉवरसारखं, बाहेरून तेरा मजले, मजल्यावर तेरा फ्लॅट, सगळ्या खिडक्या सारख्या. आत मात्र एका फ्लॅटमध्ये चार माणसं, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात बारा. सूटेडचा सगळा भाग रंगवलात तर चौकोनाचा ४६ टक्के भाग रंगला, डोळ्याला वाटतं निम्मे हँड झाले, पण प्रत्यक्षात ३१२ कॉम्बो, साडेतेवीस टक्के. आणि खालचा ऑफसूटचा भाग तेवढाच दिसतो पण तिथे सत्तर टक्के वस्ती राहते. म्हणून चार्टमध्ये ऑफसूटचा एक घर जास्त रंगवला तर तो तीन सूटेड घरांएवढा पडतो. केजेओ "एकच तर आहे" म्हणून आत घेतला की बारा आले. मी स्वतः पहिला चार्ट केला तेव्हा नजरेने बरोबरीत केला होता आणि मोजल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त कचरा ऑफसूट घेऊन बसलोय, तेव्हापासून रंगवायच्या आधी पेन्सिलने प्रत्येक घरात ४, ६, १२ लिहितो.

आता ते अडकलेल्या पानांचं, म्हणजे ब्लॉकर. ६-४-१२ हे आकडे आपल्याला एकही पान दिसत नाही तोवरच खरे. हातात दोन पानं आली की ती समोरच्याकडे असू शकत नाहीत, एवढीशी गोष्ट, पण हिशोब पार बदलतो. समजा तुमच्याकडे केके आहे आणि काकांनी सगळे चिंचोके आत ढकलले. काका भित्रे, त्यांची रेंज क्यूक्यू+, एके एवढीच धरू. नुसतं कागदावर ६ अधिक ६ अधिक ६ अधिक १६, ३४ कॉम्बो. पण दोन राजे तुमच्याकडे. मग क्यूक्यू सहा, एए सहा, केके उरलेल्या दोन राजांचा एकच, आणि एके चार एक्के गुणिले दोन राजे, आठ. एकूण २१. त्यात तुमच्या पुढे फक्त एए, सहा कॉम्बो, म्हणजे २१ मध्ये ६. चौदा प्रकारांत तुम्ही पुढे, एकात बरोबरी. आमच्यात एकाने इथे केके टाकून दिला होता आणि वर "मला वाटलंच एए असणार" म्हणून फुशारकी मारली, काकांकडे होत्या राण्या. मोजलं असतं तर टाकला नसता.

फ्लॉपनंतर पण हेच. टेबलवर के-७-२ पडलं तर समोरच्याकडे राजांचं ट्रिपल असायचे प्रकार सहा नाही तीन, सत्तीचे तीन, दुर्रीचे तीन, मिळून नऊ. एके असायचे प्रकार सोळा नाही, तीन राजे गुणिले चार एक्के, बारा. आणि तुमच्या हातात एक एक्का असेल तर नऊ. जोडीचं एक पान दिसलं की सहाचे तीन होतात, दोन दिसली की एक, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम भागतं. तीन पानांचा फ्लॉप लिहिताना शेवटी आर लावलेला दिसेल, के७२आर, आर म्हणजे रेनबो, तिन्ही पानं तीन रंगांची. दोन एकाच रंगाची असतील तर टीटी लिहितात, टू-टोन, आणि हो, दश्शीची जोडी पण टीटीच, तेव्हा फ्लॉप लिहिताना मी सरळ पूर्ण रंग लिहितो, कशाला उगाच.

सॉल्व्हर, म्हणजे कसं खेळावं याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर, त्यातून काढलेली रेंज कोणी पाठवली तर त्यात विसर्ग दिल्यासारखं दिसतं, एकेओ:०.५ असं. घाबरायचं नाही, अर्थ असा की हा हँड निम्म्या वेळा खेळायचा, बारा कॉम्बोपैकी सहाच धरायचे. काही ठिकाणी तेच चौकोनी कंसात टक्के लिहून दाखवतात. घरी चिंचोक्यांवर खेळताना याची गरज नाही खरं सांगायचं तर, पण एक जुगाड आहे, निम्म्या वेळा म्हणजे एक्का काळा असेल तर खेळा, लाल असेल तर टाका, आपोआप निम्मे होतात.

याशिवाय जुन्या पद्धती आहेत, त्या भेटतील म्हणून ओझरत्या सांगतो. डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन मालमुथ या पोकरवर लिहिणाऱ्या दोघांनी हँडचे आठ गट पाडले होते, पहिल्या गटात एए, केके, क्यूक्यू, जेजे, एकेएस, दुसऱ्यात टीटी, एक्यूएस, एजेएस, केक्यूएस, एकेओ, असं खाली खाली. मग लोक नुसतं "ग्रुप दोनचा हँड" म्हणायचे. ते लिमिट पोकरसाठी, म्हणजे एका वेळी किती लावायचं ते बांधलेलं असतं त्यासाठी, केलं होतं, आणि आठ खोक्यांत एवढे हँड कोंबले की बारकावा जातोच, आता कोणी फारसं वापरत नाही, पण जुन्या लिखाणात दिसतं. दुसरं गणितवाले पोकरपटू बिल चेन यांचं गुणांचं सूत्र. मोठ्या पानाचे गुण घ्यायचे, एक्का १०, राजा ८, राणी ७, गुलाम ६, दश्शीपासून खाली आकड्याच्या निम्मे. जोडी असेल तर दुप्पट, पण कमीत कमी ५. सूटेड असेल तर अधिक २. मधे एक पान सुटलं तर वजा १, दोन सुटली तर २, तीन सुटली तर ४, त्याहून जास्त तर ५. दोन्ही पानं राणीपेक्षा छोटी असून लागून किंवा एकच सोडून असतील तर अधिक १. अर्धा आला तर वर धरायचा. एए झाला २०, जेटीएस झाला ६ अधिक २ अधिक १ म्हणजे ९, आणि ७२ऑफसूट साडेतीन वजा पाच, म्हणजे उणे एक. नवीन माणसाला शिकवायला मला हे फार आवडतं, वहिनींना मी यावरच शिकवलं आणि त्या पहिल्याच दिवशी माझे चिंचोके घेऊन गेल्या.

आणि टोपणनावं तर असतातच. एए पॉकेट रॉकेट्स, केके काउबॉइज, २२ बदकं, ८८ स्नोमेन, एके बिग स्लिक. टी२ ला डॉयल ब्रन्सन म्हणतात कारण त्यांनी १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात दश्शी-दुर्री होती. ऐकायला मस्त, पण हिशोबाला उपयोग शून्य, कारण बिग स्लिक म्हटलं तर चार कॉम्बो का बारा का सोळा ते नाव सांगत नाही.

ग्रुपवर डाव टाकायचा असेल तर मग असा टाका. आधी तुमची जागा, म्हणजे बटन (वाटणाऱ्याची जागा) का ब्लाइंड (पानं बघायच्या आधी ठरलेले चिंचोके लावायची जागा, स्मॉल आणि बिग अशा दोन) का पहिली जागा, आणि इथे पण इंग्रजीत एसबी लिहिलं की एस आलाच, पण तो स्मॉल ब्लाइंडचा. मग तुमच्या आणि समोरच्याच्या पुढ्यात किती बिग ब्लाइंड एवढे चिंचोके आहेत ते. मग तुमची दोन पानं पूर्ण रंगासकट, एएच क्यूडी अशी, कारण ती तुम्हाला माहीतच आहेत तर लपवायची कशाला, फ्लॉपला एकच बदाम आलं का दोन यावर उत्तर बदलतं. आणि समोरच्याची मात्र रेंज, ६६-२२, ए५एस-ए२एस अशी, एकच हँड नाही. त्याने शेवटी काय दाखवलं ते पहिल्या मेसेजमध्ये लिहू नका, नाहीतर सगळे निकाल बघून शहाणपणा शिकवतात, आमच्याकडे तर यावरून दोन आठवडे एक जण ग्रुप सोडून गेला होता.

ओमाहाबद्दल कोणीतरी विचारणारच. त्यात चार पानं मिळतात, प्रकार २,७०,७२५, आणि एस-ओने भागत नाही म्हणून डीएस लावतात, डबल सूटेड, दोन-दोन पानं दोन रंगांची, एएकेकेडीएस असं काहीतरी. आम्ही एकदाच खेळलो, चिंचोके पण पुरले नाहीत आणि डोकं पण.

शेवटी एक गणित देतो, कागद घ्या. समोरच्याची रेंज ६६-२२, ए५एस-ए२एस, केटीएस+, टी९एस-७६एस, एक्यूओ+. कुठलंच पान दिसत नसताना किती कॉम्बो? ३०, १६, १२, १६, २४, बेरीज ९८, साधारण ७.४ टक्के. आता तुमच्या हातात एएच क्यूडी आहे असं धरून परत मोजा. छोट्या जोड्या ३० च्या ३०. ए५एस-ए२एस मधले बदामचे चार गेले, उरले १२. केटीएस+ मधला चौकटचा केक्यू गेला, उरले ११. टी९एस-७६एस तसेच १६. एकेओ, तीन एक्के गुणिले चार राजे १२, त्यातले तीन सूटेड वजा, ९. एक्यूओ, तीन एक्के गुणिले तीन राण्या ९, त्यातले इस्पिकचे आणि किलवरचे दोन सूटेड वजा, ७. एकूण ८५. तुमचं ८७ आलं असेल तर एक्यूओमधून ते दोन सूटेड काढायचे राहिलेत, ८८ आलं असेल तर एक्यूओचं बरोबर आहे पण तीन एकेएस एकेओमध्ये घुसलेत, आणि ९८च आलं असेल तर हातातली दोन पानं बघायचीच विसरलात.